त्या पुस्तकानंतर काय वाचावं

अनुजा शाहूपुरीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायची. मूळची नेसरी गावची. वडील गेल्यावर आई थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे राहायला गेली आणि अनुजा राजारामपुरीतल्या एका खोलीत एकटी राहू लागली. दिवसभर परक्या माणसांच्या डोळ्यांत अगदी जवळून बघायचं आणि संध्याकाळी खोलीवर आल्यावर सकाळपर्यंत कुणाशी अक्षरही बोलायचं नाही, असं चाललं होतं. ग्रंथालयातून आणलेली पुस्तकं हीच काय ती सोबत.

उन्हाळ्यात तिने जे पुस्तक आणलं ते कुण्या परदेशी विचारवंताचं होतं, मराठीत अनुवाद झालेलं. त्याचं म्हणणं असं, की आशा म्हणजे चालत्या बैलापुढे धरलेली वैरण. प्रत्येक माणूस आपापल्या कवटीत कोंडलेला आहे. दोघे बोलतात तेव्हा खरं तर दोन बहिरे आपापलं बोलत असतात. हे वाचून अनुजाला धक्का बसला नाही, आणि तेच वाईट झालं. आपल्याला आतून ठाऊक होतं ते कुणीतरी छापून हातात दिलं, असं तिला वाटलं. पुस्तक तिने परत केलं, पण ते डोक्यातून गेलं नाही. पेशंटसमोर भिंगं बदलत "हे चांगलं, की हे?" असं विचारताना मनात यायचं, काय फरक पडतो?

आक्काचा फोन यायचा.

"जेवलीस काय गं?"

"व्हय, आत्ताच."

"आवाज का असा? बरं न्हाय काय?"

"बरी हाय की."

फोन ठेवला की तिला वाटायचं, दोन बहिरे. आणि आक्काबद्दल असं मनात आलं म्हणून रडू यायचं.

एका पुस्तकाने दुखलेलं दुसऱ्या पुस्तकाने बरं होईल, या हिशेबाने ती शोधायला लागली. ग्रंथालयातल्या बाईंना म्हणाली, "मन उभारी धरेल असं काही तत्त्वज्ञान आहे?" बाईंनी न बघताच प्रेरणादायी पुस्तकांच्या कपाटाकडे बोट केलं. महाद्वार रोडवरच्या एका दुकानदाराने तर मोठ्यानेच विचारलं, "तत्त्वज्ञान व्हय? तसलं कोण वाचतंय आता! ह्ये न्या ताई, लई खपतंय." त्या लई खपणाऱ्या पुस्तकात रोज सकाळी आरशात बघून स्वतःला शाबासकी द्यायला सांगितलं होतं. अनुजाने तेही प्रामाणिकपणे करून पाहिलं. आरशातली बाई तिच्याकडे इतक्या केविलवाण्या चेहऱ्याने हसली, की चौथ्या दिवशी तिने ते सोडून दिलं.

पावसाळ्याच्या तोंडाला दत्तोपंत दवाखान्यात आले. निवृत्त प्राध्यापक, उंच, पांढरा शर्ट एक बटण चुकवून लावलेला. डॉक्टरांनी तपासून त्यांना अनुजाकडे पाठवलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग झिजला होता.

"म्हणजे नवा चष्मा नाही?" दत्तोपंतांनी विचारलं.

"सर, चष्म्याने अक्षर मोठं दिसेल. पण मधला डाग जाणार नाही."

त्यांनी जुना चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं हो. वाचण्यापलीकडे मला दुसरं काही येत नाही."

अनुजा पेशंटशी कामापुरतं बोलायची. त्या दिवशी मात्र तिच्या तोंडून निघून गेलं, "सर, एक विचारू?" आणि तिने उन्हाळ्यातल्या त्या पुस्तकाचं नाव सांगितलं.

"ते होय! पुरं वाचलंस?"

"हो. शेवटपर्यंत."

"अरे वा! माझी एम.ए.ची मुलं अर्ध्यावर सोडायची."

"त्याच्यानंतर काय वाचावं, सर?"

दत्तोपंतांनी मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. सरळ पाहिलं तर तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. "टाकाळ्याला राहतो मी. रविवारी ये. पुस्तक देतो, पण घेऊन पळायचं नाही. मला वाचून दाखवायचं."

रविवारी ती गेली. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. भिंतीभर पुस्तकं, टेबलावर मेसचा न उघडलेला डबा. पत्नी, लीलाताई, दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. मुलगा अभिराम बंगळूरला. दत्तोपंतांनी खुर्चीतूनच सांगितलं, "खालून दुसरा कप्पा. पातळसं आहे, पुठ्ठा निघालेला."

ते कुण्या खेड्यातल्या शिक्षकाने लिहिलेलं पुस्तक होतं, आता विसरलं गेलेलं. विषय होता आनंद. अनुजाने नाव वाचलं आणि तिचा चेहरा पडला. पुन्हा आरसा, तिला वाटलं. तरी ती वाचू लागली. दुसऱ्याच पानावर वाक्य होतं: दुःख जड असतं म्हणून ते जास्त खरं असतं, असं नव्हे. दगड तळाशी जातो, पण म्हणून नदी दगडाची होत नाही.

ती थांबली.

"काय झालं?" दत्तोपंत म्हणाले.

"हे बोलायला सोपं आहे, सर."

"मग भांड की त्याच्याशी! ऐक, आपल्याला लहानपणापासून औषधाची सवय. कडू लागलं की वाटतं, हे खरं. तुझ्या त्या विचारवंताने त्याचाच फायदा घेतला."

"मग गोड लागेल ते खरं?"

"छे! गोडाचीही झडती घ्यायची. वाच पुढे."

त्यानंतर ती दर रविवारी जाऊ लागली. पानभर वाचायचं आणि त्यावर भांडायचं. दत्तोपंतांचा आवाज चढायचा, अनुजाचाही चढायला लागला. पुस्तकातलं निम्मं तिला पटायचं नाही. पण न पटलेलं सांगायला समोर कुणीतरी होतं, आणि सोमवारी काम करताना तिला नवा मुद्दा सुचायचा. पंचगंगेचं पाणी वाढून रस्ते बंद झाले, त्या रविवारी जाता आलं नाही. दुपारभर ती खिडकीत बसून राहिली.

एकदा तिने विचारलं, "सर, तुम्ही हे सगळं मानता?"

दत्तोपंत डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत राहिले. "सकाळी मानतो," ते म्हणाले. "संध्याकाळी अवघड जातं. लीला गेल्यापासून संध्याकाळ फार लांबते."

त्या दिवशी ती दिवे लागेपर्यंत थांबली. त्यांनी चहा केला. पातेलं शोधताना तिने मदत केलेली त्यांना चालली नाही.

दिवाळीनंतर अभिराम आला. भला माणूस होता. जिन्यावरून पडून वडिलांच्या खांद्याला लागलं होतं, आणि आता त्यांना इथे एकटं ठेवणं त्याला बरोबर वाटत नव्हतं. पुस्तकं एका कॉलेजला दिली. ते पुठ्ठा निघालेलं पुस्तक दत्तोपंतांनी अनुजाच्या हातात ठेवलं. "निम्मं राहिलंय आपलं," एवढंच म्हणाले. वडिलांना घेऊन अभिरामची गाडी बंगळूरला गेल्यावर अनुजा टाकाळ्यावरून चालत खोलीवर आली. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं नाही.

महिनाभर दत्तोपंतांचा फोन आला नाही. तिने केला नाही. मोठ्या घरच्या माणसांत आपण कोण, असं तिला वाटलं. मग एका रविवारी सकाळी त्यांचाच आला.

"अभिरामने मोबाइलवर पुस्तकं ऐकायची सोय करून दिली आहे," दत्तोपंत म्हणाले. "आवाज फार छान आहे गं. पण थांबत नाही. मी काही म्हटलं, तरी तो आपला वाचतच सुटतो."

अनुजाने पुस्तक काढलं. "कुठे होतो आपण, सर?"

ती वाचू लागली. दोन परिच्छेदांवर त्यांनी हरकत घेतली, एकावर तिने. मग पलीकडून काही येईना. तिने कान देऊन ऐकलं. श्वास संथ चालला होता. त्यांना झोप लागली होती. ती थांबली, आणि मग आवाज जरासा खाली आणून प्रकरण संपेपर्यंत वाचत राहिली. कुणीतरी, बहुधा सुनेने, येऊन फोन बंद केला.

खोलीत नेहमीची शांतता होती. खालच्या घरातल्या टीव्हीचा आवाज तेवढा येत होता. पुढच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य तिने मनातल्या मनात वाचलं. ते तिला मुळीच पटलं नाही. पेन्सिल शोधून तिने त्याच्याखाली रेघ मारली.