चपला डिकीत

माझा थोरला मला गाडीत बसण्याआधी चपला काढायला लावतो. घरात स्वतः बूट घालून स्वयंपाकघरापर्यंत येईल, फरशीवर ठसे उमटवून जाईल, त्याचं काही नाही. पण मी गाडीच्या दाराशी पोचले की, "आई, चपला." मग मेलेला उंदीर उचलावा तशा दोन बोटांत धरून त्या डिकीत नेऊन ठेवतो.

आणि गाडी कुणाची? त्याच्या बापाची. हे होते तेव्हा पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. मागच्या सीटवर ग्रीसने माखलेले पंप, पुढे मी, आणि माझ्या मांडीवर हाच थोरला, नाक गळत असलेला. तेव्हा त्या सीटवर तो कितीदा ओकलाय ते मला विचारा. आता गाडीला नवा रंग, फिकट रंगाची नवी गादी. फडक्याने पुसताना तिच्याकडे असा बघतो, की लग्नात सुनेकडे तरी इतकं बघितलं होतं का, कोण जाणे.

त्याच्यासारख्यांचा एक क्लब आहे, जुन्या गाड्यावाल्यांचा. रविवारी सगळे मिळून गावाबाहेर शेताशेतांतून गाड्या फिरवतात, मग कुठेतरी झाडाखाली उतरून एकमेकांच्या इंजिनात डोकं घालून उभे राहतात. याला सहल म्हणतात. पुढे गाडी असते दातांच्या डॉक्टरांची. पण हल्ली क्लच दाबताना त्यांचे गुडघे कुरकुरतात, त्यामुळे पुढची जागा कुणाला तरी द्यायची होती. थोरल्याचा जीव त्या जागेत अडकलेला. घास तोंडात असला तरी विषय तोच. शेवटी डॉक्टर म्हणाले, "या रविवारी तू पुढे राहा. कुणालाही मागे न सोडता सगळ्यांना तलावापर्यंत आण. जमलं तर जागा तुझी."

त्यांची पद्धत अशी, की वळण आलं की थांबायचं. मागची गाडी दाराबाहेरच्या आरशात दिसली की मगच वळायचं. तिनेही तिच्या मागच्यासाठी तसंच थांबायचं. सगळ्यात शेवटी आमची सून, तिच्या रोज कामावर जायच्या छोट्या गाडीत. अवजारं, पाण्याचे कॅन, डबे सगळं तिच्याकडे. कुणाचं काही मागे पडलं तर ते गोळा करायचं काम तिचं. घरातही तिला तेच काम आहे.

मला थोरल्याने मागच्या सीटवर बसवलं होतं. "आई, आरशात डॉक्टर दिसले बघ!"

"दिसले का? नमस्कार सांग."

अर्ध्या वाटेत पेट्रोल पंपावर चहाला थांबलो. निघताना पुन्हा तेच. मी चपला काढल्या, त्याने त्या डिकीत ठेवल्या. मग म्हणतो, "आई, पाय बघ."

"बघितले. दोन्ही आहेत."

"धूळ लागलीय गं. गादी खराब होईल. तिकडे मागे नळ आहे."

बापाच्या गाडीत बसायला आईने पाय धुवायचे! पण चारचौघांत तमाशा नको म्हणून गेले. नळ सोडते तोच हॉर्न वाजला, आणि ओल्या पायांनी बाहेर येते तर स्वारी रस्त्याला लागलेली.

मागून डॉक्टर निघाले. मला बघून त्यांनी हात हलवला. त्यांना वाटलं असेल, म्हातारी हौसेने निरोप देत उभी आहे. मग लाल गाडीतल्या वकिलांनी हॉर्न दिला. मीही हात हलवला. ओरडता आलं असतं. पण भर पंपावर अनवाणी उभं राहून "अरे, मला घ्या रे" म्हणायला मी काय कुणाची विसरलेली छत्री आहे?

शेवटी सून आली. करकचून ब्रेक दाबला.

"आई! तुम्ही इथे?"

"नाही, मी पुढे तुझ्या नवऱ्याच्या गाडीत आहे. दार उघड."

"आणि चपला?"

"त्या गेल्या पुढे. त्यांना जागा होती."

सुनेने हसू दाबलं आणि फोन उचलला. "थांबा, सांगते त्यांना."

"काही सांगू नकोस. सारखा आरशात बघतो ना? बघू दे."

तिने फोन ठेवला, पण जरा वेळाने म्हणालीच, "आई, डॉक्टरांना हे कळलं तर जागा गेली ह्यांची. झोपेतसुद्धा गिअर टाकतायत हो."

राग होताच, पण पोर माझंच. तिच्या गाडीत पायाखाली बिस्किटाचा चुरा होता, मागे बादली खडखडत होती, आणि पाय कुठे ठेवायचे हे कुणी सांगत नव्हतं. ठरवलं, विचारलंच कुणी तर सांगू, सुनेबरोबर बसावंसं वाटलं.

तलावापाशी आम्ही वळलो तेव्हा डॉक्टर थोरल्याची पाठ थोपटत होते. थोरला फुलून गेलेला. ऐटीत मागचं दार उघडून म्हणाला, "आई, उतर. पोचलो."

आत कुणी नाही. त्याने वाकून सीटखाली बघितलं, जणू मी घरंगळून गेलेय. मग धावत जाऊन डिकी उघडली. चपला बघून त्याला धीर आला, आणि लगेच गेला.

मी खडीवरून अनवाणी चालत पुढे आले.

"काकू, तुम्ही शेवटच्या गाडीतून कशा?" डॉक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडलं, पण थोरला आधी बोलला. "डॉक्टर, मी आईला पंपावर विसरलो. चपला डिकीत होत्या, म्हणजे आई गाडीत, असं धरून चाललो."

वकिलांनी हसू लपवायला इंजिनात डोकं घातलं.

"आणि रस्ताभर मी गप्प, हे खटकलं नाही तुला?" मी म्हटलं. "मी आणि गप्प?"

"कालव्यापाशी तुला बाबांचं सांगत होतो. इथे पंप बसवायला यायचे ते. तू काही बोलली नाहीस. वाटलं, रडतेयस. म्हणून मुद्दाम मागे बघितलं नाही."

मी वाकून तळपायात रुतलेला खडा काढला.

डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "गाडी एकही मागे राहिली नाही, पण माणूस राहिलं. काकू, राहिलात तुम्ही, तेव्हा तुम्हीच सांगा. द्यायची का याला जागा?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. थोरल्याने चपला आणून माझ्या पायाशी ठेवल्या. या वेळी दोन्ही हातांनी. मी सावकाश पाय घातले.

"पुढे तूच राहा," मी त्याला म्हटलं. "विचारायच्या आधी कबूल केलंस, म्हणून. पण परत जाताना मी चपला घालून बसणार, आणि पाय तुझ्या सीटला टेकवून ठेवणार. पाठीत टोचतंय तोवर समज, आई गाडीत आहे. टोचायचं थांबलं, की मुकाट्याने गाडी मागे वळव."