डाव्या हाताला तेल नाही

गोव्यातल्या लाटंबार्श्याच्या जयरामच्या घरात भांडणाचे विषय मोजकेच होते. दिवाळीपासून त्यांत एकाची भर पडली होती, ती म्हणजे चिकटपट्टी.

पट्टी साधीसुधी नव्हे. कापडाची, पण रबरासारखी ताणणारी, आणि वर निळी, गुलाबी, हिरवी अशी रंगीबेरंगी. ती लावायची जयरामच्या नातीच्या, पाच वर्षांच्या सिद्धीच्या डाव्या हाताला. सिद्धी जन्मली तेव्हा अंगाने चांगली भरलेली. डोके बाहेर आले आणि खांदा अडकला. तिला सोडवताना मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या. मूल वाचले, आई वाचली, देवाला नारळ वाहिला गेला. पण डावा हात ओल्या टॉवेलासारखा लोंबत राहिला. पुढे व्यायामाने तो कोपरात वाकू लागला, बोटे धरू लागली. एवढे झाले आणि गाडी अडली. तळवा काही आभाळाकडे वळेना. हात सदा पालथा. देवळात तीर्थ घ्यायची वेळ आली की सिद्धी उजवा हात पुढे करी आणि डावा फ्रॉकच्या खिशात सारी.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगून ठेवले होते, की मे महिन्याअखेर पुन्हा बघू. तळवा आपणहून वळायला लागला असेल तर उत्तम, नाहीतर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल. तेव्हापासून जयरामच्या मनात मे महिना ठाण मांडून बसला होता.

सिद्धीचा बाप साईश पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचा, आई रूपाली कारखान्यात पाळीवर जायची. म्हणून दर मंगळवारी नातीला स्कूटरवर पुढे उभी करून पेडण्याला न्यायचे काम जयरामकडे आले. तिथे भाग्यलक्ष्मी नावाच्या बाई अशा मुलांना व्यायाम शिकवत आणि पट्ट्या लावत. कात्रीने पट्टीचे कोपरे गोल कापत, म्हणजे ते कपड्यात अडकून सुटायला नकोत. मग एक पट्टी खांद्यावर आणि एक मनगटापासून कोपरापर्यंत वळसा घालून. "ही पट्टी काम करत नाही हां," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "काम हातच करतो. पट्टी फक्त त्याला आठवण करून देते, की बाबा, इकडे वळायचं आहे."

जयरामला हे फार पटले. त्याची बायको शेवंती हिला अजिबात पटले नाही.

"माका म्हायत आसा आठवण कशी करूची ती," ती म्हणे. "रोज सकाळी खोबरेल कोमट करून चोळूचा. पाच वर्सां चोळलंय. आता ह्या रंगीत कागदान हात वळतलो?"

"कागद नाय गो, कापड."

"कापड तर कापड. परकराक ठिगळ लावतंत तसां."

शेवंतीचा खरा राग ठिगळावर नव्हताच. तेलावर पट्टी चिकटत नाही, म्हणून बाईंनी त्या हाताचे तेल बंद केले होते. "डाव्या हाताला तेल नाही," असे त्यांनी बजावले होते. शेवंतीच्या हातून पाच वर्षांचे काम एका वाक्यात काढून घेतले गेले. पण ती हुकूम मोडणारी बाई नव्हती. रागावली की ती नियम उलट जास्तच काटेकोर पाळी, म्हणजे पुढे बिघडले तर बोट दाखवायला मोकळी. सिद्धीला न्हाऊ घालण्याआधी ती उजव्या हाताला चोपडून तेल लावी आणि डाव्याला नुसता नमस्कार करी.

एप्रिल उजाडला. काजूच्या झाडांखाली बोंडूंचा गोड, आंबूस वास साचला. आणि एका सोमवारी सकाळी सिद्धी रडत उठली. डाव्या तळव्यावर आणि बोटांवर बारीक फोड आले होते. मनगटाच्या आतल्या बाजूने लाल ओघळ उतरल्यासारखा दिसत होता, तो थेट निळ्या पट्टीच्या कडेपर्यंत. उजवा हात मात्र लोण्यासारखा स्वच्छ.

शेवंतीने नातीचा हात हातात घेतला, पाहिला, आणि नवऱ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "बघितलात? मी सांगलंलंय."

ती ओरडली असती तर जयरामने उत्तर दिले असते. हळू बोलली म्हणून तो चपला घालून बाहेर पडला. पट्टी कुणाकुणाच्या कातडीला सोसत नाही, तसे झाले तर बंद करावी लागते, हे बाईंनी आधीच सांगितले होते. पट्टी बंद, मे महिना तोंडावर आणि हात पालथाच. दिवसभर तो बागायतीत इकडून तिकडे फिरला आणि एकही बोंडू न उचलता परत आला.

मंगळवारी पेडण्याच्या वाटेवर सिद्धी मात्र मजेत होती. फोडांची आग कमी झाली होती.

"आजो, आता माका गुलाबी पट्टी व्हयी."

"बघूया हां."

"बघूया म्हणजे नाय म्हणतंस तू. माका म्हायत आसा."

जयरामने उगाच हॉर्न वाजवला. पाच वर्षांच्या पोरीने आपले बोलणे इतके ओळखावे हे त्याला जरा लागलेच.

भाग्यलक्ष्मीबाईंनी हात पाहिला आणि त्यांचेही तोंड उतरले. त्यांनी पट्टीच्या कडेला तेलाचे बोट फिरवले. लावताना तेल चालत नाही, पण काढताना तेच लागते. पट्टी अलगद सुटली. हात खिडकीशी नेऊन त्यांनी खालची कातडी पाहिली. मग पुन्हा पाहिली.

"आजोबा, इकडे या. पट्टी सोसली नसती तर लाल डाग कुठे आला असता?"

"पट्टीखाली."

"आणि पट्टीच्या आकाराचा. इथे तर खाली काहीच नाही. सगळं तळव्यावर आहे, जिथे मी पट्टी लावलेलीच नाही. हिने हात कशात घातला होता?"

जयरामने सिद्धीकडे पाहिले. सिद्धीने छताच्या पंख्याकडे पाहिले.

"सिद्धी, रविवारी काय केलंस?" बाईंनी विचारले.

"काजूगर काढले. आजयेवांगडा, तिच्या बाजूक बसान."

रविवारी शेवंती ओल्या काजूंची भाजी करायला बसली होती हे खरे. हिरव्या बिया आदोळीवर, म्हणजे विळीवर, उभ्या चिरायच्या आणि काडीने आतला गर उकरून काढायचा. बीच्या सालात जो चीक असतो तो कातडी जाळतो. म्हणून आधी हाताला तेल चोपडल्याशिवाय त्या भागात कुणी बी चिरायला बसत नाही. बाई स्वतः पेडण्याच्या. त्यांना हे सांगावे लागले नाही.

"तेल लावलं नव्हतं आजीने?"

"लायलां. ह्या हाताक." सिद्धीने उजवा हात दाखवला. "त्या हाताक नाय."

"का?"

सिद्धीने बाईंकडे असे पाहिले, की शिकलेल्या माणसाने इतके विसरावे का. "तुमीच सांगलंत. डाव्या हाताक तेल नाय."

बाई खुर्चीवर टेकल्या आणि पदराने तोंड झाकून हसू लागल्या. जयरामही हसला; त्याचे हसणे जरा सैल होते, कारण छातीवरचा दगड खाली आला होता. पट्टी निर्दोष होती. शेवंतीने हुकूम पाळला होता, तंतोतंत पाळला होता, आणि पाळूनच घात केला होता. बरे, तिचेही काय चुकले? ह्या पोरीचा डावा हात कधी कशाला लागत नसे. तो काजूच्या बीला लागेल असे कोणाच्या मनात यावे?

बाईंचे हसू मधेच थांबले. त्यांनी सिद्धीचा हात पुन्हा उचलला आणि फोडांवरून, न टेकवता, बोट फिरवले.

"आजोबा, हात पालथा असता तर चीक कुठे सांडला असता?"

"पाठीवर. हाताच्या पाठीवर."

"पाठ कोरडी आहे. चीक तळव्यात साचला आणि मनगटाच्या आतून खाली ओघळला."

जयरामला समजायला क्षणभर लागला. मग त्याने स्वतःचा तळवा वर वळवून पाहिला.

बाईंनी टेबलावरच्या बाटलीचे झाकण काढले आणि सिद्धीला एक पेन्सिल दिली. "ही बी समज. गर काढून दाखव."

सिद्धी फरशीवर मांडी घालून बसली. झाकण आधी डाव्या बोटांनी पालथेच उचलले. मग जीभ जराशी बाहेर आली, खांदा थोडा उचलला गेला, कोपर अंगाला चिकटले, आणि हात हळूहळू, गंजलेल्या कडीसारखा, वळत गेला. पुरता नाही. पण झाकणाचे तोंड वर आले, तळवा त्याच्याखाली आला, आणि उजव्या हाताने ती पेन्सिलीने आत उकरू लागली.

"असो धरल्यार गर पडना," तिने समजावले. "पालथो धरल्यार भुंयर पडता. आणि आजी ओरडता, काजूगर म्हाग आसत म्हणून."

सिद्धीने खोटा गर काढला, आजोबांना दिला, आणि त्यांनी तो घेतला.

बाईंनी निकाल सांगितला. फोड बरे होईपर्यंत पट्टी नाही, तोवर डॉक्टरांकडून मलम घ्यायचे, काजूच्या बीला हात लावायचा नाही. कातडी साफ झाली की पुन्हा पट्टी. आणि तोपर्यंत असलेच काम, पण चीक नसलेले. "चिंच सोलू दे, वाटाणे सोलू दे. डावा हात वाटी, उजवा हात चमचा. मे महिन्यात डॉक्टरांना मी स्वतः फोन करून सांगेन काय पाहिलं ते. ते काय ठरवतील ते त्यांचं. पण पालथा हात घेऊन आपण जाणार नाही, एवढं नक्की."

घरी शेवंती दारातच उभी होती. जयरामने सगळे सांगितले. आधी पट्टीचा दोष नाही हे सांगितले, तेव्हा तिचा चेहरा पडला. मग तेलाचे सांगितले, तेव्हा तिने नातीचा हात घेऊन स्वतःच्या गालाला लावला आणि "माजां बाय गो" एवढेच म्हणाली. शेवटी त्याने हात वळल्याचे सांगितले. त्यावर तिने अंगणातल्या सुपात उरलेल्या काजूच्या बियांकडे पाहिले.

"म्हणजे पट्टीन नाय वळलो," ती म्हणाली. "माज्या काजूगरांनी वळलो."

"दोगांनी वळलो गो."

"दोगांनी म्हणा, पण काजूगर आदी म्हणा."

तिने आत जाऊन चिंचेची पाटी आणली आणि अंगणात ओतली. सिद्धी मधे बसली. शेवंतीने नवऱ्याकडे पाहिले. "बघत काय रवलात? बसा तुमीय."

जयराम बसला. साईशसारखेच ट्रकचे चाक धरून आयुष्य गेलेल्या त्याच्या जाड बोटांत चिंच काही धड राहीना. चिंचोके निसटून भुईवर उडू लागले. सिद्धीने थोडा वेळ पाहिले, उसासा टाकला आणि आपली चिंच बाजूला ठेवली.

"आजो, असो नाय." तिने त्याचे मनगट धरले आणि तळवा वर होईपर्यंत ते वळवत नेले. "हळू हळू. घाई करूची नाय. येतला तुका."