उमेदवारांची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मला घडवणाऱ्याने एकही खिळा न वापरता माझे चारही पाय बसवले, याचा मला भारी अभिमान! या ग्रंथालयाच्या मोठ्या मॅडमना मी अठरा वर्षे पेलले. मग एक काळी, चाकांची, गरगर फिरणारी खुर्ची आली आणि माझी रवानगी टेबलाच्या अलीकडे झाली, उमेदवारांना बसायला.

खरे सांगते, तिला पाहिले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तिला रोज पुसतात आणि माझ्या पाठीला ओल्या छत्र्या अडकवतात. तिचे चाक जरा कुरकुरले की लगेच तेल! माझा पाय वर्षभर डुगडुगत होता, तर त्याखाली कागदाची घडी सारून सगळे मोकळे झाले.

गेल्या महिन्यात फर्निचरच्या दुरुस्तीसाठी सुतार नेमायचे ठरले. मला वाटले, चला, माझे दिवस पालटले. मुलाखतीला एक पन्नाशीचा सुतार आला. बोटांवर पॉलिशचे डाग होते. बसताक्षणी त्याने वाकून माझ्या पायाकडे पाहिले. मी तर हरखूनच गेले.

पण प्रश्नांचा छापील कागद सगळ्या पदांसाठी एकच होता.

"चिडलेल्या ग्राहकाला कसं हाताळाल?" मॅडमनी वाचले.

"कपाटं कुठं चिडतात, मॅडम?"

"बरं. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

"इथंच. दुरुस्तीच्या खोलीत."

"चारचौघांसमोर भाषण जमतं?"

सुतार कासावीस झाला. "मॅडम, लाकडाचं काहीतरी विचारा ना. दुकान बंद पडून सहा महिने झाले. हे काम माझ्या हातातलं आहे, असं बायकोला सांगून आलोय."

मॅडमनी कागद उलटून पाहिला. "लाकडाचं यात काहीच नाही हो."

तो उठला. जाताना त्याने मला अलगद उलटे केले आणि सांध्यावरून अंगठा फिरवला. "हा सैल झालाय. खिळा मारू नका, लाकूड चिरेल. सरस लावून पाचर बसवा."

"कळवतो आम्ही," मॅडम म्हणाल्या.

नेमणूक झाली ती एका बोलघेवड्याची. त्याने सगळी उत्तरे फाडफाड दिली होती. कामावर आला त्याच दिवशी त्याने माझ्या पायात लांबलचक खिळा ठोकला. पाय उभा चिरला. तेव्हापासून मी जिन्याखालच्या अडगळीत पडून आहे.

चाकांच्या खुर्चीचा हेवा आता उरला नाही. आता मी जळते ती मी कधी न पाहिलेल्या एका खुर्चीवर. ती त्या सुताराच्या घरी असेल. कदाचित माझ्याहूनही जुनी असेल, पण तिचा सांधा सैल झाला की त्याचा हात तिच्यावरून फिरत असेल. नशीबवान मेली!

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही कधी टेबलापलीकडे बसाल. समोर सुतार आला, तर त्याला लाकडाबद्दल विचारा. निदान तो बसला आहे त्या खुर्चीबद्दल तरी विचारा.