चौथी हाक

“हाय का कुनी ऱ्हायलेलंऽऽ?”

पन्नास वर्षं होत आली, पण ती हाक मनुबाईच्या कानांतून काही गेली नाही. नावाडी गणू अंबी नावेच्या टोकाला उभा राहायचा, वल्हं काखेत दाबायचा, दोन्ही हात तोंडाशी धरायचा आणि कृष्णाकाठचा सगळा शिवार ढवळून काढील अशी हाक द्यायचा. एकूण तीन हाका. पहिलीला लोक खुरपी टाकत, दुसरीला पळत सुटत, तिसरीला धोतर-लुगडी गुडघ्यावर खोचून पाण्यात पाय घालत. मागं राहिलेलं माणूस लांबूनच ओरडायचं, “हाय मी, थांबाऽऽ!” तेवढं कानावर पडलं की नाव जागची हलत नसे. ओरडणारा इनामदार आहे की मेंढका, हे गणूतात्या बघत नसे.

तीन हाकांवर चौथी कधी नाही. एकदाच झाली, ती मनुबाईसाठी.

पलीकडच्या काठाला सोनसरी, तिचं माहेर. तिथं बाप शेवटच्या घटका मोजत होता आणि इकडं सासऱ्यानं गड्यांच्या भाकरी थापून झाल्याशिवाय तिला उंबरा ओलांडू दिला नव्हता. तान्ह्या मानसिंगला कडेवर मारून ती उसातल्या वाटेनं धावली. तिसरी हाक निम्म्या वाटेतच विरून गेली. ओरडायला तोंड उघडलं तर छातीत वारा नव्हता. संपलं, असं ती मनाशी म्हणाली, आणि तेवढ्यात चौथी हाक आली. उसाचे शेंडे हलताना गणूतात्याला दिसले होते. त्या दिवशी बापाच्या तोंडात शेवटचं पाणी पडलं ते तिच्या हातचं.

जात्यावर बसली की पुढं कितीतरी दिवस तिच्या ओठी यायचं,

माहेराच्या वाटंवरी आडवं गं पानी बाई,
नाव म्हनं, ये कडंवर, मी तुझी धाकली आई.

आज त्याच वाटेवर मनुबाईला प्लास्टिकच्या खुर्चीत आणून बसवलं होतं. वाट म्हणायची ती जुन्या आठवणीनं. आता तिथं मानसिंगचा ऊस होता, उसाच्या कडेनं बांध होता आणि बांधाच्या तोंडाशी नवं लोखंडी फाटक. फाटकाला कुलूप.

गेल्या दिवाळीत सरकारनं सोनसरी आणि इकडच्या वाकुर्लीच्या मधे बोट सुरू केली. सगळ्यांच्या पैशातली बोट, चोवीस माणसांची, निळ्या छताची. चालवायला वीरधवल नावाचा गडी साताऱ्याकडून आलेला. कोयनेच्या पाण्यात लाँच चालवून हात बसलेला. पण वाकुर्लीचा धक्का बांधला तो मानसिंगच्या रानाच्या पायथ्याला. तेव्हा ऊस तुटून गेलेला, रान मोकळं, कुणी विचारलं नाही. पलीकडची माणसं उतरायची आणि बांधावरनं आष्ट्याच्या रस्त्याला लागायची. दोन महिन्यांत कडेच्या चार सऱ्या तुडवल्या गेल्या. फौजेतनं सुभेदार होऊन आलेला मानसिंग तापला, आणि त्याच्या पोरानं, जयराजनं, त्या तापात आणखी जळण घातलं. नदीकाठी चार खोल्या बांधायच्या, पाहुण्यांना स्वतःच्या बोटीतनं हिंडवायचं, फाटकातनं फक्त पासवाल्यांनाच सोडायचं, असं त्याच्या डोक्यात होतं.

आज त्याचाच निकाल लागायचा होता. मंडल अधिकारी राजेश्वरी मॅडम पाहणीला आल्या होत्या. जबाब घ्यायचे, अहवाल वर पाठवायचा. जुनी वहिवाट निघाली तर फाटक निघणार. नाही निघाली तर सोमवारपासून बोट दुसऱ्या तालुक्यात.

काल संध्याकाळीच मानसिंग आईच्या खाटेशी बसला होता. “आये, एवढंच म्हनायचं. ‘हितं कवाच वाट नव्हती.’ चारच शबूद हायती. फौजेत पासवर्ड असतोय, तसं ध्येनात ठेव.”

मनुबाईनं भिंतीकडं कूस वळवली होती. तो पांघरूण सारखं करून गेला. लेक वाईट नव्हता.

नऊ वाजता बोटीचा भोंगा वाजला. अकरा माणसं धक्क्यावर उतरली, बांधानं वर आली आणि फाटकाशी अडली. पुढं सुलाबाई, तिच्या खांद्यावर भार टाकून तिचा नवरा कोंडीबा. मूळची पूर्वेकडच्या माळाची माणसं. जन्म मेंढरांमागं गेला, आता सोनसरीच्या वर दीड एकर कसून राहिलेली. कोंडीबाच्या हातावर सुयांच्या गाठी आल्या होत्या.

“सुबेदार, कुलूप काढा की,” सुलाबाई म्हणाली. “साडेधाला नंबर हाय आष्ट्याला, रगत धुवायचा. ह्यो चुकला तर मंगळवारपातूर बसायचं. बसवंल तवर.”

“पुलावरनं जावा की मावशी,” जयराज मोबाईलमधनं मान न काढता म्हणाला. “बावीस किलोमीटर तर हाय.”

“तू एकदा ह्येला पाठंगुळीला घिऊन जाऊन ये लेकरा, मग ‘तर हाय’ म्हन.”

मागं कुणीतरी खुसकन हसलं. मानसिंगनं बघितलं तसं हसू गिळलं गेलं.

“भांडू नका,” राजेश्वरी मॅडम म्हणाल्या. “नकाशात इथं वाट दाखवलेली नाही. जुन्या माणसानं डोळ्यांनी पाहिलेलं असेल तर मला सांगा. मी लिहून घेते.”

“म्या बघितलीया,” कोंडीबा फाटकाच्या गजाला धरून म्हणाला. “बारका हुतो. बापामागं मेंढरं घिऊन ह्याच वाटंनं गेलोय. खाली नाव लागायची. एक काळा दगुड हुता, कमरंएवढा. त्येला नावंचं दावं बांधायची.”

“मग दाव की बाबा. कुठाय दगुड? का पव्हायला गेलाय?” जयराज म्हणाला.

कोंडीबा पाण्याच्या कडेला बघत राहिला. तिथं नुसता गाळ होता आणि नवा सिमेंटचा धक्का. “नदी सरकलीया,” तो पुटपुटला. “लय सरकलीया.”

“मॅडम, दगुड हाय,” मानसिंग पुढं झाला. “पर ह्यो बगा.”

धक्क्यापासून चाळीस पावलं वर, बांधाला लागून, एक शेंदरी देव बसला होता. थरावर थर चढून त्याचं अंग हंड्यासारखं गोल झालेलं. पुढं नारळाची टरफलं, हळदीकुंकू आणि महिन्यापूर्वी जयराजची नवी नवरी शिवांजली हिनं भरलेल्या ओटीचा वाळका खण.

“ही आमची नदीआई. म्हापुरात चार दीस पान्याखाली हुती, पर आमच्या घराच्या पायरीला पानी शिवलं न्हाई. हितनं पायतानं घालून गाव चालवू? आनि मला एक सांगा, देवाच्या अंगावरनं कुनी वाट काढतंय व्हय? देव हाय म्हंजे वाट नव्हती. सरळ हाय.”

मॅडमनी मान हलवली आणि लिहून घेतलं. पेनाचा तो बारीक आवाज मनुबाईला काट्यानं कातडं ओरखडावं तसा लागला.

कारण तो देव तिनं केला होता.

वरच्या अंगाला पूल झाला, त्याच पावसाळ्यात नाव फुटली. गणूतात्या बायकापोरं घेऊन पोटामागं निघाला. जाताना रिकाम्या काठावर तिला म्हणाला, “वयनी, दगडाकडं बघा. दगुड हाय तवर कवातरी नाव ईल.” आठ दिवसांत सासऱ्यानं वाट नांगरायला घेतली. दगडही उपटायचा, घराच्या पायरीला घालायचा, असं ठरलं. सुनेनं तोंड उघडायचा तो काळ नव्हता. पहाटे पाण्याला जायच्या निमित्तानं ती गेली, तेलात कालवलेला शेंदूर दगडाला फासला, दोन डोळे काढले आणि घरी येऊन म्हणाली, “मामंजी, सपान पडलं. नदी म्हनली, मला हालवू नगा.” उभ्या गावाला दरडावणाऱ्या सासऱ्यानं जागच्या जागी हात जोडले. वाट गेली, पण दगड राहिला.

मग दर अमावस्येला शेंदूर. मग नवस. मग दर लग्नाची ओटी. नावेचा दगड राखायला म्हणून घातलेलं पांघरूण एवढं जाड झालं, की आज त्याच्याच आधारानं तिचा लेक नावेची वाट बंद करत होता.

“आजी,” राजेश्वरी मॅडम तिच्यापाशी येऊन वाकल्या. “इथं सगळ्यांत जुन्या तुम्ही. सांगा, इथून वाट होती का?”

 मनुबाईच्या खांद्यावर शिवांजलीचा हात होता. कोवळा, अजून हळदीच्या वासाचा. मनुबाईनं देवाकडं बघितलं, मग लेकाकडं. खरं बोललं तर गावादेखत सुभेदाराची मान खाली. घरची देवी दगड. आपण पन्नास वर्षं सगळ्यांना दगडापुढं वाकवलं, ही नवी सूनसुद्धा वाकली. खोटं बोललं तर चारच शब्द.

“पानी द्या,” ती म्हणाली.

पाणी आलं. ती घोट घोट प्याली. तांब्या रिकामा झाला.

“आये, बोल,” मानसिंग हलकेच म्हणाला. “सांगितलंय न्हवं.”

तिनं रिकामा तांब्या पुन्हा तोंडाला लावला.

“वय झालंय मॅडम, इसरतीया,” जयराज म्हणाला. “पप्पांचा जबाब हाय की.”

खालून वीरधवल वर आला. “मॅडम, मला परतीची फेरी सोडायचीय. लोकांना काय सांगू?”

मॅडमनी घड्याळ बघितलं, फाटकाकडं बघितलं, आणि कोंडीबाकडं बघायचं टाळलं. “पुरावा नाही मिळाला तर मला जबाब बंद करावे लागतील. आत्ता तरी त्यांना परत न्या.”

माणसं वळली. कुणी शिवी हासडली, कुणी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. सुलाबाईनं नवऱ्याच्या काखेत हात घातला. “चला धनी. बघू मंगळवारी.”

कोंडीबा दोन पावलं गेला आणि हात सोडवून थांबला.  त्यानं सुजलेले हात तोंडाशी धरले, पाण्याकडं नाही, गावाकडं तोंड केलं.

“हाय का कुनी ऱ्हायलेलंऽऽ?”

आवाज फाटका होता, पण सूर तोच. शेवटाला चढणारा, उसावरनं वाकत जाणारा. मनुबाईच्या हातातला तांब्या खाली पडला.

“आता ह्येला काय झालं?” जयराज हसला. “डोस्कं बिगडलं वाटतं.”

“हाय का कुनी ऱ्हायलेलंऽऽ?” कोंडीबानं पुन्हा हाक दिली. “असं वरडायचा तो. तीन डाव. ज्येनं आयकलंय त्येला म्हाईत हाय.”

“कोन वरडायचा बाबा?” मानसिंगच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हललं. झोपेत ऐकलेलं ओळखीचं वाटावं तसं.

“हाय का कुनी…” तिसरी हाक अर्ध्यात खोकल्यानं तुटली. सुलाबाईनं त्याला सावरलं. तो धापा टाकत बांधावरच बसला. वीरधवल खाली जायला निघाला. त्याच्या बोटीला भोंगा होता; तो वाजला की ती सुटायची, मागं कोण राहिलं ते तिला कळत नसे.

 उसात वारा शिरला आणि शेंडे हलले. तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं, मनुबाईचं होतं. ती चौथी हाक येईल म्हणून वाट बघत होती, आणि बघता बघता तिच्या ध्यानात आलं, की चौथी हाक द्यायला आता कुणी उरलेलं नाही.

ती खुर्चीचा हात धरून उठली. शिवांजलीनं सावरायला हात पुढं केला, तो तिनं बाजूला सारला.

“हाय मी!” तिच्या छातीतनं आलं. पन्नास वर्षांपूर्वी जो वारा पुरला नव्हता, तो आज पुरला. “थांबाऽऽ!”

बांधावरची माणसं वळली. वीरधवल थांबला.

मनुबाई एकेक पाऊल टाकत देवापाशी गेली. पदर डोक्यावरनं ढळला होता, तो तिनं तसाच राहू दिला. शेंदरावर हात टेकला, अमावस्येला टेकायची तसाच, मायेनं.

“मॅडम, लिवा. हितं वाट हुती. ह्या वाटंनंच मी बापाला पानी पाजाया गेले, ह्या मानसिंगला कडंवर घिऊन.” तिनं लेकाकडं बघितलं आणि नजर हलवली नाही. “लेकरा, फाटक उघड. त्येचा नंबर जाईल. आनि एक आयक, मग मला काय बोलायचं ते बोल. ही नदीआई न्हवं रं. ह्यो गणूतात्याच्या नावंचा दगुड हाय. मागल्या अंगाचा शेंदूर खरवडा, दाव्यानं पडल्याली खाच घावंल, दोन बोटं बसतील एवढी. तुझा आजा ह्यो उपटनार हुता, म्हनून शेंदूर म्या लावला. मला सपान कवाच पडलं नव्हतं.”