तेलाच्या बरणीचा निळा डोळा

टण्.

परसातल्या पायरीवर या घरच्या पोरीनं, मुंगीनं, चमचा माझ्या पोटावर हळूच आपटला, आणि सकाळपासून गप्प असलेल्या घरात तेवढाच एक आवाज झाला. आत भांडी घासणाऱ्या तिच्या आईचा हात थांबला. मीही दचकले. मित्रांनो, स्वतःचा हा आवाज मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. भरलेल्या बरणीवर चमचा आपटला तर ‘ठप्’ असं होतं. ‘टण्’ होतं ते रिकामीला.

होय, मी एक जुनी बरणी आहे, चिनी मातीची, तेलाची. खांदे तपकिरी, पोट पांढरं, काठाचा एक टवका उडालेला. माझी एखादी बहीण तुमच्याही घरात अंधाऱ्या फळीवर बसलेली असेल. तिच्याकडे कुणी पाहत नसेल. आम्हा बरण्यांचं तसंच असतं. लोक बरणीत पाहतात, बरणीकडे नाही.

माझा जन्म कुंभाराच्या चाकावर झाला. मला आतून झिलई दिली, तेव्हा जवळच ताटल्या रंगवत बसलेल्या कुंभारणीच्या कुंचल्यातून निळ्या रंगाचा एक थेंब माझ्यात पडला आणि थेट तळाशी जाऊन बसला. कुंभार कुरकुरला, “गेली ही बरणी.” ती म्हणाली, “आत कोण बघायला जातंय? भरली की झाकली.” भट्टीतून बाहेर आले तेव्हा तो थेंब पक्का झाला होता. वाटोळा, चकचकीत, अगदी डोळ्यासारखा.

त्या डोळ्यामुळे मी बरेच दिवस दुकानात पडून होते. मग एक माणूस आला. त्यानं मला उचललं, उजेडाकडे धरलं, आत डोकावला आणि हसला. “हिला आतून दिसतं वाटतं,” तो म्हणाला, आणि मला काखोटीला मारून घरी घेऊन आला.

तो जहाजावर स्वयंपाकी होता. महिनोन्‌महिने समुद्रावर, मग थोडे दिवस घरी. घरी असला की भांडी सारखी खणखणायची, चूल थंड व्हायची नाही आणि बायकोला स्वतःच्याच स्वयंपाकघरात पाहुणीसारखं बसावं लागायचं. तेलाच्या बाबतीत तर त्याचं कौतुक विचारू नका. तेलवाल्याकडे गेला की आधी एक थेंब तळहातावर घ्यायचा, अंगठ्यानं चोळायचा, वास घ्यायचा, मग जिभेवर. तेलवाला म्हणायचा, “तेल नेताय की मुलगी बघायला आलाय?” तो म्हणायचा, “मुलगी एकदाच बघितली. तेल दर वेळी बघावं लागतं.”

तळायला शेंगदाण्याचं, कारण ते आच सोसतं. वरून घालायला तिळाचं, पण इवलंसं, छोट्या काळ्या बाटलीत. जवसाचं तर बेताचंच, कारण ते फार लवकर बिघडतं. लोणी गार पाण्यात बुडवलेल्या भांड्यात. आणि मी? मला त्यानं चुलीपासून लांब, कोठीच्या थंड भिंतीला, सगळ्यांत खालच्या फळीवर बसवलं. वर जाड कापड घातलं.

बायको दारात उभी राहून बघत होती. “मला नाही कधी इतक्या मायेनं बसवलं.”

“तू खवट होत नाहीस.”

“ताईंना विचारा.”

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, मुंगीची आत्या. ती गल्लीच्या टोकाला शिवणकाम करायची आणि तिच्या जिभेला तिच्या कात्रीहून जास्त धार होती. ती बाहेरच्या खोलीतून म्हणाली, “मी कशाला काही बोलू? नव्याचे नऊ दिवस अजून संपायचेत.”

सगळे हसले. मित्रांनो, ते घर तेव्हा असं हसायचं.

तेलाचे तीन वैरी, तो सांगायचा. उजेड, ऊब आणि हवा. आणि चौथा वैरी आपला आळस. जुन्या तेलावर नवं कधी ओतायचं नाही. जुनं संपवायचं, बरणी धुवायची, उन्हात खडखडीत वाळवायची आणि मगच नवं. “तळाशी चमचाभर खवट राहिलं ना, तर ते वरच्या सगळ्या चांगल्याला आपल्यासारखं करतं. नवं जुन्याला सुधारत नाही.”

निघायच्या दिवशी तो मला काठोकाठ भरायचा. एक जहाजफेरी आणि एक बरणी, असा त्याचा हिशोब बरोबर जमायचा. मुंगीला कडेवर घेऊन तो मला दाखवायचा. मुंगी हे नाव त्यानंच ठेवलेलं, कारण साखर कुठेही लपवली तरी तिला ती सापडायची. “हे बघ, आता बरणी झोपली. आई रोज थोडं थोडं तेल काढेल. काढता काढता तळ दिसेल, बरणी डोळा उघडेल, आणि तिनं डोळा उघडला की मी दारात.”

आणि तो यायचा. कधी एक दिवस आधी, कधी दोन दिवस उशिरा, पण यायचा. दारातून थेट कोठीत, माझं झाकण उघडून आत नाक घालायचा. “हं. आलो घरी.” त्याच्या श्वासानं माझ्या आत घुमल्यासारखं व्हायचं.

एक गंमत सांगते. त्याच्या बायकोचा हात तसा आखडता. पण तेल अर्ध्याखाली आलं की तिचा हात सैल सुटायचा. कांदा तेलात पोहायला लागायचा. आत्या ताटाकडे बघून म्हणायची, “नवरा लवकर यावा म्हणून आमच्या पोटावर का उठलीस?” ती लाजायची, पण पळी भरूनच घ्यायची. माझं तेल संपवून ती समुद्र आटवत होती.

मागच्या फेरीच्या वेळीही त्यानं मला असंच भरलं. मुंगीचे पाय तोवर इतके लांबले होते की कडेवर घेतल्यावर ते त्याच्या गुडघ्यांपर्यंत लोंबले. “पुढच्या वेळी तूच मला उचल,” तो तिला म्हणाला.

तेल अर्ध्यावर आलं. बायकोचा हात सैल सुटला. तेल पाव राहिलं, आणि तेव्हा जहाजाच्या कचेरीतला कारकून दारात आला. मी कोठीत होते, मला सगळं ऐकू आलं नाही. वादळ, मग काही संपर्क नाही, एवढंच कळलं. तो म्हणाला, “अजून काही समजलेलं नाही.” पुढच्या वेळी आला तेव्हाही तेच म्हणाला. त्यापुढच्या वेळी ‘अजून’ म्हणाला नाही. मग तो यायचाच थांबला.

त्या दिवसापासून तिचा हात पुन्हा आखडला. पळीऐवजी चमचा, चमच्याऐवजी बोटाचं टोक. ती भाज्या उकडू लागली. तेल संपायचं काही थांबेना. मग एका सकाळी तिनं झाकण उघडलं, मला तिरपं केलं आणि तेलाच्या पातळ थराखाली निळं काहीतरी हललेलं तिला दिसलं.

मित्रांनो, तिनं झाकण इतकं झटक्यात लावलं की माझ्या काठाचा टवका उडाला. ती तशीच चपला न घालता बाहेर पळाली. तेलवाल्याचं दुकान बंद होतं. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे खिडकीत, भर उन्हात, काचेच्या बाटल्या मांडलेल्या होत्या. नवऱ्याच्या हाताखाली इतकी वर्षं शिकलेली ती बाई, तिनं ना थेंब चोळला, ना वास घेतला. बाटली आणली आणि जुन्यावर सगळी रिकामी केली.

डोळा मिटला. ती फळीला टेकून खाली बसली आणि कितीतरी वेळ माझ्यावर हात ठेवून राहिली. दार रिकामं होतं हे खरं. पण तळ दिसला नाही, म्हणजे तो उशिरा आहे असंही म्हणता येत नव्हतं.

त्यानंतर तिनं तळ कधी दिसूच दिला नाही. पातळी उतरली की ओत. काही दिवस नव्याचा वास वर राहायचा, मग खालचं वर यायचं. माझ्या गळ्याशी चिकट पिवळं किटण धरलं. कापडाला बोट लावलं तर बोट चिकटायचं. आत काय होतंय ते मला कळत होतं. पण बरणीला तोंड असतं, जीभ नसते.

मुंगीनं सांगून पाहिलं. “आई, कडू लागतंय.”

“खा गं मुकाट्यानं. बाबानं भरलेलं तेल आहे.”

मग ती बिचारी खायची.

एक दिवस आत्या जेवायला आली. पहिला घास तोंडात गेला आणि तिनं ताट बाजूला सारलं. उठून सरळ कोठीत आली, माझं झाकण काढलं आणि मागे सरकली.

“अगं, हे तेल आहे की वंगण?”

“ताई, झाकण लावा.”

“त्यानं हे पाहिलं असतं तर तुला या बरणीसकट बाहेर ठेवलं असतं. किती दिवस धुतली नाहीस?”

तिनं झाकणासाठी हात पुढे केला.

“तोंडात मूग धरलेस का? ओत ते बाहेर. मी घासून देते.”

“ताई.” ती माझ्या आणि आत्याच्या मध्ये येऊन उभी राहिली. “त्यातलं थोडं त्यांनी भरलेलं आहे. तळाशी. आहे अजून.”

आत्याच्या हातात झाकण होतं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं, जणू त्यावर काही लिहिलंय. मग हलकेच माझ्यावर ठेवलं, पदरानं पुसलं आणि जेवण अर्धवट टाकून निघून गेली. मला वाटलं, आता ही पुन्हा पाऊल ठेवायची नाही.

काही दिवसांनी ती आली. घरात कुणी नव्हतं. तिच्याकडे या घराची दुसरी किल्ली असायची. पिशवीतून तिनं बाटली काढली, चांगल्या तेलाची, तेलवाल्याकडून पारखून आणलेली. नरसाळं लावलं आणि ती सगळी माझ्यात ओतली, त्या खवट तेलावर. तिला सगळं कळत होतं आणि तरी ती ओतत होती. ओतताना म्हणाली, “घे गं बाई. झोप.”

तिच्या धारदार तोंडून इतका मऊ आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

त्या दोघींनी मिळून मला भरलेलं ठेवलं. एकमेकींना कधी सांगितलं नाही.

पण मित्रांनो, नवं जुन्याला सुधारत नाही. मुंगी बारीक होत गेली. तिला साखरसुद्धा शोधावीशी वाटेना. मग परवा ती जेवली आणि सगळं उलटून पडलं. आईनं तिचं तोंड पुसलं, फरशी पुसली आणि उरलेल्या ताटातला एक घास स्वतःच्या तोंडात घातला. सवयीनं गिळायच्या बेतात होती. मग थांबली. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा तिनं चव घेतली.

तिनं आत्याला बोलावलं. दोघींनी मला परसात नेलं. मातीत खड्डा केला, त्यात भुसा घातला आणि मला वाकडं केलं. तेल जड झालं होतं. वरचं गेलं, मधलं गेलं. शेवटची धार आली तेव्हा आईनं हाताची ओंजळ पुढे केली. ओंजळभर ते काळपट, चिकट, उग्र वासाचं तेल घेऊन ती उभी राहिली. कुठे ठेवणार? आत्या म्हणाली, “दाराच्या बिजागरीला लाव. करकरते.” तिनं लावलं. दार आता आवाज न करता उघडतं. कुणासाठी, ते मला माहीत नाही.

उकळतं पाणी झालं, सोडा झाला, दोन-तीनदा घासणं झालं. मला उन्हात पालथं घातलं. पण वास काही जाईना. माझ्या झिलईला आतून बारीक चीर गेली आहे आणि खवटपणा तिच्यात मुरला आहे. तोच म्हणायचा, चीर गेली की बरणी तेलाची राहत नाही. म्हणजे माझं काम संपलं. नवं तेल आता आत्यानं आणलेल्या काळ्या बाटलीत आहे, थोडंसंच, थंड भिंतीला. मुंगी काल पोटभर जेवली.

मित्रांनो, म्हणून तुम्हाला सांगते. तेल घरात लागेल तेवढंच आणा. उन्हात मांडलेलं घेऊ नका. अंधारात, गारव्यात, घट्ट झाकून ठेवा. ओला चमचा आत घालू नका. आणि बरणी संपू द्या. संपली की धुवा, वाळवा, तिला थोडा वेळ रिकामी राहू द्या. रिकाम्या बरणीला घाबरू नका, असंही सांगणार होते. पण आज सकाळी आत्यानं मला सुलटं करून पायरीवर ठेवलं आणि ती पाठ फिरवून कामाला गेली, तेव्हापासून ते शब्द माझ्याच्यानं बोलवत नाहीत.

कारण आता मुंगीनं चमचा खाली ठेवला आहे. तिनं दोन्ही हातांनी माझा काठ धरला आहे आणि ती आत डोकावते आहे. आत लख्ख ऊन आहे. लपायला माझ्याकडे एक थेंबसुद्धा नाही.

ती उठली, धावत घरातून पुढच्या दाराशी गेली. दार आवाज न करता उघडलं. बराच वेळ ते उघडंच राहिलं असावं, कारण गल्लीतला वारा घरभर फिरून माझ्यापर्यंत आला. मग तिची पावलं हळूहळू परत आली. आई ओल्या हातांनी परसाच्या चौकटीत उभी होती. मुंगी तिच्यासमोर येऊन थांबली.

“आई, बरणीनं तर डोळा उघडलाय. मग बाबा दारात का नाही?”