उलटा झालो, पण सांडलो नाही

मी पोहरा बोलतोय. पृथ्वीची ओढ मी एकट्याने हरवली. बरं, एकट्याने नाही, उत्तराबाईंच्या हाताने. आणि हरवली असंही नाही, जरा वळवून घेतली.

जन्माने मी कल्याणच्या लष्करी छावणीतला तेलाचा डबा. लढाई संपली, भंगारात आलो, आणि धाकू पत्रेवाल्याने ठोकून माझा पोहरा केला. बुडाशी एक भोक त्याने ठेवलं की राहिलं, देव जाणे. त्यातून डोंबिवलीच्या शाळेत मी कितीकांची धोतरं भिजवली. विहिरीच्या काठावर बसून खिडकीतून सातवीचं शास्त्रही ऐकलं. अर्धंच. उरलेला वेळ विहिरीत असायचो.

बावन्न साली उत्तराबाई शिकवायला आल्या, सहा महिन्यांच्या बोलीवर. शाळा तपासणाऱ्या डिपोटी साहेबांचा शेरा चांगला पडला तर नोकरी कायम, नाहीतर बाई घरी.

साहेब आले त्या दिवशी बाईंनी वर्ग विहिरीपाशी आणला, मला निम्मा भरला, दोर हातभर धरला आणि गरगर फिरवलं. वरून खाली, खालून वर.

खाली आलो की दोर असा ताणला जायचा, वाटायचं कडी निघतेय. वर गेलो की ताण सैल. तोंड जमिनीकडे, समोर पोरांची डोकी, आणि पाणी माझ्या बुडाला चिकटलेलं. भोकातले थेंबसुद्धा आभाळाच्या बाजूने निघाले. जन्मभर खाली गळलेला मी, पहिल्यांदाच वर गळलो.

"पाणी पडत कसं नाही?" साहेबांनी विचारलं.

"पडतंय ना, साहेब. पण पोहराही त्याच्यासोबत वळतोय, त्याला सुटायला सवड नाही. फक्त वर हात थांबवायचा नाही."

"आणा इकडे."

साहेबांनी दोर हातात घेतला, दोन फेरे झकास झाले. पण तपासणीची सवय जाते कुठे? तिसऱ्या फेऱ्याला मी डोक्यावर आलो, आणि साहेब थांबले. चष्मा सावरून वर बघू लागले, पाणी खरंच आत आहे का.

मी सगळं ओतलं. एरवी हसलो असतो. त्या दिवशी बाईंचा चेहरा बघितला आणि हसू आलं नाही.

साहेबांनी टोपी पिळली, वही मागवली, ओल्या हाताने काहीतरी लिहिलं. मला वाचता कुठे येतं?

आता माझं भोक मोठं झालंय, पाणी टिकत नाही. वर्गाच्या दारात माझ्यात अबोली लावलीय. रोज सकाळी तिला पाणी घालतात त्या उत्तराबाईच. एकदा परत फिरवा, एवढंच मागणं आहे.

परवा साहेब आले होते, पेन्शनीत निघालेले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "यानेच मला भिजवलं."

बाई म्हणाल्या, "त्याने कुठे, साहेब? हात तुमचा होता."