चढावर थांबलेल्या गाडीतून

वैदेहीचं पत्र ऑगस्टमध्ये आलं आणि जानेवारी उजाडला तरी मी त्याला उत्तर पाठवलेलं नव्हतं. लिहिली मात्र नऊ होती. पाच ‘जमेल’ अशी आणि चार ‘जमणार नाही’ अशी. नकार कळवायलाही धीर लागतो, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं.

वैदेही म्हणजे गोंदियाकडच्या एका रेल्वे फाटकावरच्या माणसाची मुलगी. मी कलकत्त्यात गार्डन रीचला रेल्वेच्या मुख्यालयात होतो तेव्हा नागपूरकडचा बराच मुलूख आमच्याच रेल्वेत येई. तिकडच्या फाटकवाल्यांसाठी सूचनांचे कागद मराठीत लिहायचं काम माझ्याकडे असे. एकदा त्या फाटकावर मी गेलोही होतो. तिच्या वडिलांनी चहा दिला. समोरच्या भिंतीवर माझाच कागद चिकटवलेला पाहून मी इतका संकोचलो की चहा अर्धा ठेवून निघालो.

पत्रात तिनं लिहिलं होतं: ‘काका, फोन दोनदा केला, तुम्ही उचलला नाहीत, म्हणून पत्र. मी एका दगडखाणीत गाड्या चालवायला शिकवते. वीस जानेवारीपासून आमच्याकडे विजेवरचे ट्रक येणार आहेत. चालवणाऱ्या अकराजणी. सगळ्यांचा हात डिझेलवर बसलेला. टेकडीचा रस्ता कच्चा, चढ उभा, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला खोल खड्डा. गाडीबरोबरचं पुस्तक इंग्रजीत, चाळीस पानांचं. मला एकच पान हवंय, स्टिअरिंगसमोर लावायला. चढावर गाडी थांबवायची कशी आणि तिच्यातून सुखरूप उतरायचं कसं, एवढंच. बाबांच्या फाटकावरचा तुमचा कागद आम्हा भावंडांना पाठ होता, तसं हवं. नाहीच जमलं तर मशीननं केलेलं भाषांतर आहे, ते लावीन. सोबत जोडलंय. वाचून हसा.’

मी हसलो नाही. त्या भाषांतरात ‘पार्किंग ब्रेक’चा, म्हणजे हँडब्रेकचा, ‘उद्यान ब्रेक’ झाला होता. पण मी तरी काय मोठा लागून गेलो होतो? ज्या माणसानं जन्मात स्कूटर चालवली नाही, त्यानं ट्रकवाल्यांना काय सांगायचं? आणि सांगताना एखादा शब्द चुकला, तर तो त्या टेकडीवर कोणाच्या तरी जिवावर बेतणार. मी पत्र शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलं आणि तो खंड उघडायचं बंद केलं.

आठ जानेवारीला माझी बायको शैला पुस्तकं पुसत होती.

“अहो,” ती आतून म्हणाली, “ही वैदेही कोण? आणि वीस तारखेला बारा दिवस राहिलेत हे तुम्हाला माहीत आहे का?”

मी पेपरमागून म्हणालो, “माहीत आहे.”

“आणि ही नऊ उत्तरं?”

“ती कच्ची आहेत.”

“लोणचं आहे का मुरत घालायला?” ती कागद घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. “त्या पोरीनं फोन नंबर दिलाय. मी करते फोन, सांगते आमच्याकडचे साहेब घाबरतात.”

“नको, नको. फोन नको.”

“मग आजच्या आज वाचून दाखवा काय लिहिलंय ते.”

‘जमेल’वाल्या पाच उत्तरांसोबत त्या पानाचे खर्डेही होते, त्यातल्या त्यात बरा मी वाचला. ‘चढावर वाहन थांबविल्यावर ते स्थिर असल्याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर वाहन बंद करून सुरक्षित बाजूने खाली उतरावे.’ वाचताना मला तो बराच बरा वाटला. वाक्यं गोळीबंद होती.

शैला म्हणाली, “खात्री करून घ्यावी म्हणजे काय करायचं?”

“म्हणजे… खात्री करून घ्यायची.”

“कशी?”

मी वैदेहीनं सोबत जोडलेली मूळ इंग्रजी पानं चाळली. तिथे रीतसर लिहिलेलं असणार, पण ती भाषा इतकी गुळगुळीत होती की मीही तिच्यावरून घसरून थेट ‘खात्री’वर येऊन पोचलो होतो. छत्तीस वर्षं कचेरीत मी हेच केलं. जिथे कसं ते ठाऊक नसे तिथे ‘खात्री करून घ्यावी’ असं लिहायचं, म्हणजे जबाबदारी वाचणाऱ्यावर.

“एखाद्या चढावर प्रत्यक्ष बघायला हवं,” मी म्हणालो. कलकत्त्यात चढ नाही, तेव्हा विषय इथेच संपेल अशी मला अंधुक आशा होती.

शैलानं फोन उचलला. शहराबाहेर बजबजच्या पलीकडे निताईदा या ओळखीच्या माळ्याची रोपवाटिका आहे. नदीच्या बांधाखाली वाफे, आणि बांधावरच्या रस्त्याला जायला मातीचा तिरका चढ. हिवाळ्यात तो डेलिया आणि चंद्रमल्लिकेच्या, म्हणजे शेवंतीच्या, कुंड्या घेऊन आमच्या कॉलनीत येतो, आणि गेल्या वर्षापासून येतो तो विजेवरच्या छोट्या ट्रकमधून. हे मला माहीत होतं. मी मुद्दामच बोललो नव्हतो.

“निताईदा,” शैला फोनवर म्हणत होती, “हमारे मिस्टर को आपका गाड़ी से उतरना सीखना है. नहीं नहीं, चलाना नहीं. सिर्फ उतरना.”

पलीकडून मोठ्यानं हसणं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माझेरहाटहून बजबजची लोकल पकडली. मी कानटोपी घातली होती, आणि खिशात खर्डा होता. निताईदा रोपवाटिकेच्या फाटकापाशीच उभा होता. पन्नाशीचा, आडवा, उजव्या गुडघ्यावर पट्टा. शैलानं त्याला सगळं सांगितलं: खाण, टेकडी, अकराजणी, वीस तारीख. त्याचं हसू जरा कमी झालं.

“डिझेलवाली हैं सब?” त्यानं मला विचारलं.

“हाँ.”

“तब तो दादा, वो लोग गाड़ी गिअर में डालके उतर जाएगा.” तो वाफ्यांकडे बोट दाखवून म्हणाला, “हम भी वोही किया था. तीस साल मेटाडोर चलाया. चढ़ाई पे रुको, गिअर में डालो, बंद करो, इंजिन खुद पकड़ के रखता है. इसमें भी स्विच बंद किया, उतर गया, बीड़ी जलाया. पीछे देखा तो गाड़ी चुपचाप डेलिया देखने जा रहा है. चालीस गमला खतम. आवाज भी नहीं किया.”

शैला हसली. मी हसू शकलो नाही. मला त्या वाफ्याच्या जागी टेकडीचा खड्डा दिसत होता. त्या अकराजणी माझं ‘खात्री करून घ्यावी’ वाचतील, गाडी गिअरमध्ये असल्याची मनोमन खात्री करून घेतील आणि उतरतील. माझ्या कागदामुळे आपलं काही चुकलंय हे त्यांना कळणारसुद्धा नाही.

“ये गाड़ी में पकड़ता कौन है?” मी विचारलं.

“सिर्फ हँडब्रेक. और चक्के के पीछे पत्थर. मोटर छुट्टी पे जाता है.”

निताईदानं ट्रक चढावर मधोमध नेऊन थांबवला. डाव्या हाताला बांध, उजव्या हाताला डबकं. मग त्यानं दोन्ही मागच्या चाकांमागे दोन-दोन विटा सरकवल्या आणि मला म्हणाला, “अब आप बैठिए.”

“मी?”

“आपण आलोय कशाला?” शैला बांधावरून म्हणाली.

मी चालकाच्या जागेवर बसलो. निताईदा शेजारी. माझा पाय ब्रेकच्या पेडलवर, आणि पेडलखाली माझं सगळं आयुष्य असावं तसं मी ते दाबून धरलं होतं. गाडीचा आवाज नव्हता. समोर एक हिरवा दिवा होता, तेवढ्यावरून कळत होतं की ती चालू आहे आणि दुसऱ्या पेडलला चुकून पाय लागला तर निघेल. डिझेलमध्ये धडधड असते. इथे गाडी बंद आहे असं समजून माणूस बेधडक उठेल. हे मी घरी बसून कधीच लिहिलं नसतं.

निताईदानं एकेक गोष्ट करवून घेतली. पाय ब्रेकवरच. स्टिअरिंग बांधाकडे वळवायचं, म्हणजे गाडी घसरलीच तर बांधाला टेकेल, डबक्यात जाणार नाही. हँडब्रेक पूर्ण ओढायचा. मग न्यूट्रल.

“अब पाँव हल्का कीजिए. एकदम नहीं. थोड़ा, थोड़ा.”

“आणि खात्री?” मी मराठीतच विचारलं.

त्याला ते समजलं. “बाहर कुछ एक पकड़ के देखिए. वो हिला तो गाड़ी हिला.”

मी खिडकीतून बाहेर एक ठिपका धरला आणि पाय हळूहळू उचलायला लागलो. एक, दोन, तीन. ठिपका पुढे सरकला.

“चालली!” मी ओरडलो. “शैला, बाजूला हो! गाड़ी जा रहा है!” आणि ब्रेकवर इतक्या जोरात उभा राहिलो की कानटोपी छताला लागली.

निताईदा डोक्याला हात लावून बसला होता. बाहेरून शैलाचं हसणं ऐकू येत होतं, तिला बोलताही येत नव्हतं.

“अहो,” ती शेवटी म्हणाली, “ती बकरी आहे!”

मी बघितलं. खरंच होती. एक पांढरी बकरी, बांधावरचं गवत खात निवांत चाललेली.

“दादा,” निताईदा म्हणाला, “गाछ देखिए, गाछ. छागल नहीं.”

गाछ म्हणजे झाड. दुसऱ्यांदा मी नारळाचं धरलं. पाच आकडे मोजले. नारळ जागचा हलला नाही. मला एकदम मोकळं वाटलं. अशी ही ‘खात्री’ असते तर! पोटऱ्यांत कळते आणि डोळ्यांनी दिसते. मी पुन्हा ब्रेक दाबला आणि मग स्विच बंद केला. हिरवा दिवा विझला.

“और पेड़ हिलता तो?” मी विचारलं.

“तो उतरना नहीं. ब्रेक पे पाँव, और धीरे धीरे पीछे, जहाँ जमीन सीधा है वहाँ तक. कूदना तो बिलकुल नहीं. लोग कूदता है और गाड़ी के नीचे ही जाता है.”

आता उतरणं. उजवं दार डबक्याकडे उघडत होतं, म्हणून निताईदा आधी डावीकडून उतरला आणि मी आसनावरून सरकत त्याच्या मागे गेलो. मी दार ढकललं, तर ते अंगावर परत आलं. गाडीचं नाक वर असलं की दार आपोआप मिटायला बघतं. माझं नडगीचं हाड बालंबाल वाचलं. मग एका हातानं दार अडवलं, दुसऱ्या हातानं दांडी पकडली, तोंड गाडीकडे केलं आणि घरी माळ्यावरून उतरतो तसा पाठमोरा, एकेक पाय चाचपत खाली आलो. उतरायला बहुधा मिनिटभर लागलं. मला वाटलं, आता दोघं पुन्हा हसणार.

निताईदा हसला नाही. आपल्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, “हम कूद के उतरता था, देखिए. दादा जैसा उतरा, वैसा ही लिख दीजिए.”

“भित्र्यासारखं?” मी शैलाला विचारलं.

“हो,” ती म्हणाली. “आयुष्यात एकदा उपयोगी पडलंय, तर लिहा.”

घरी येऊन जेवायच्या आधीच लिहायला बसलो. ‘खात्री’ हा शब्द एकदाही वापरला नाही. लिहिलं: ‘ही गाडी आवाज करत नाही. हिरवा दिवा जळतोय तोवर ती चालू आहे. ही गिअरवर थांबत नाही, हँडब्रेकवर थांबते. पाय ब्रेकवर ठेवून चाकं दरडीकडे वळवा. हँडब्रेक पूर्ण ओढा. न्यूट्रल करा. बाहेरचं एक झाड किंवा खांब बघत पाय सावकाश सैल करा आणि पाच मोजा. झाड हललं तर उतरू नका, उडी मारू नका, ब्रेक दाबून हळूहळू सपाटीवर या. झाड हललं नाही तर पुन्हा ब्रेक दाबा, स्विच बंद करा. दरडीच्या बाजूनं उतरा. तोंड गाडीकडे, एक हात दाराला, एक दांडीला. चाकाच्या खालच्या अंगाला दगड लावा. गाडीच्या खालच्या बाजूला कोणीही उभं राहू नये.’

शैलानं वाचलं. “बकरी कुठे आहे?”

“ती कशाला?”

“अकराजणी हसतील आणि त्यांच्या लक्षात राहील. घाला.”

मी बराच वेळ पेन धरून बसलो. सरकारी कागदात बकरी कधी आली नव्हती. शेवटी झाडापुढे लिहिलं: ‘जनावराकडे बघू नका. ते चालतं.’ आणि सोबत वैदेहीला एक चिठ्ठी. त्यात उशिराबद्दल माफी मागितली, आणि हेही लिहिलं की हे एका लहान ट्रकवर, मातीच्या चढावर करून पाहिलं आहे. तुमच्या गाडीचं बटण किंवा दिवा वेगळा असेल तर पुस्तकाप्रमाणे बदला, आणि लावायच्या आधी रिकाम्या गाडीवर, चाकांना दगड लावून, सगळ्या अकराजणींकडून एकेकदा करून घ्या.

सकाळी पोस्टात गेलो. रांगेत चौघं होते, तेवढ्या वेळात मी पाकीट दोनदा उघडायचा विचार केला. ‘सावकाश’ बरं की ‘हळूहळू’? खिडकीतल्या बाईंनी हात पुढे केला.

“स्पीड पोस्ट? कबे पहुँचना चाहिए?”

“बीस से पहले,” मी म्हणालो. “बीस को वो लोग गाड़ी चढ़ाएगा.”

“पाँच दिन,” त्या म्हणाल्या. पाकिटाला चिकटपट्टी लावली, शिक्का मारला आणि मागच्या पिशवीत टाकलं.

मी पावती घेऊन बाहेर आलो. शैला पायरीवर उभी होती.

“टाकलं?”

“टाकलं.”